स्विच कोण टाकतं

मीना, २४ जानेवारी २०१०

मुंझिर,

दीड वर्षानंतर सख्ख्या बहिणीला लिहायचं आणि त्यात काय, तर एक ओळ: "आपल्या नावाला हात लावू नकोस." सलाम नाही, दुआ नाही. गोथेनबर्गला शब्दांवर कर लावतात का रे?

"आपल्या" म्हणालास तेवढं बरं केलंस. संगणक पळवणाऱ्यांच्या फोरमच्या तक्त्यात आपल्या या बंदराच्या गावावरून ठेवलेलं 'मीनाचा बर्फ' हे नाव दोघांचं आहे. आकडेमोड तुझी होती, पण तांब्याच्या नळ्यांचे सगळे जोड माझ्या हातचे आहेत. तू ज्योत हातात घेतलीस की नळी मेणासारखी ठिबकायची. तेव्हा नावाला हात लावायला मला तुझी परवानगी लागत नाही.

का लावला, तेही सांगते. हिवाळ्याच्या यादीत नवा निकाल घातला नाही तर नाव गळतं. आई दर आठवड्याला विचारते, "मुंझिरचा नंबर कितवा?" तिला तक्ता कशाचा ते ठाऊक नाही. शेजारणींना ती सांगते की माझ्या मुलाने संगणकासाठी फ्रीज बनवलाय आणि सगळ्या अरब मुलखात तो तिसरा आहे. आता तिला जाऊन सांगू का, की तुझा मुलगा यादीतच नाही? तू सांग. मला ते जमणार नाही.

म्हणून तू टाकून गेलेलं यंत्र मी पुसून पुन्हा सुरू केलं. जुन्या एसीचा कॉम्प्रेसर, मागे कंडेन्सर आणि पंखा, केसासारखी बारीक नळी, म्हणजे कॅपिलरी, आणि प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा ठोकळा. सगळं तुझ्याच मांडणीचं. प्रोसेसरला ऐपतीपेक्षा जोरात पळवते आणि ठोकळा उणे चाळीस अंशांच्या आसपास राहतो. निकालासाठी संगणकाचा अर्ध्या दिवसाचा हिशेब पुरा व्हावा लागतो, आणि तो होत नाही. मी शाळेत शिकवत असते तेव्हा केव्हातरी संगणक गोठतो. घरी येऊन बघते तर कॉम्प्रेसर मजेत गुणगुणतोय, ठोकळ्यावर पांढरं दव आहे, पडदा मात्र मेलेला. ऑक्टोबरपासून चार-सहा वेळा करून पाहिलं. कधी पुरा व्हायच्या बेतात येतो आणि दगा देतो.

हे पत्र शाळेच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावरून लिहितेय. तू ज्या विषयावर माझ्याशी बोलशील असा हा एकच उरलाय, म्हणून विचारते: काय बिघडलं असेल?

इब्तिसाम


मीना, २ फेब्रुवारी

मुंझिर,

या खेपेला दोन ओळी आल्या. प्रगती आहे.

"गॅसमध्ये पाणी शिरलंय. फिल्टर बदल, व्हॅक्यूम मार." म्हटलं ठीक. तुझा तर्क मला पटलाही होता. ओलावा कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतो, गॅसची वाट अडते, ठोकळा तापतो, मग बर्फ वितळला की वाट आपोआप मोकळी होते. मी घरी येईपर्यंत सगळं शहाण्यासारखं चालू दिसतं, ते यामुळेच असणार. गॅस काढला, नवा फिल्टर जोडला, शनिवारभर पंप लावून ठेवला. पंपाच्या आवाजाने वरच्या मजल्यावरच्या मादाम ओदेत खाली आल्या. दारातूनच विचारत होत्या की आपली आई, उम्म मुंझिर, कशी आहे. मी म्हटलं छान आहे, आणि दार लावून घेतलं.

गॅस पुन्हा भरला. सोमवारी हिशेब लावून शाळेत गेले. संध्याकाळी पडदा मेलेलाच होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं झालं आपलं.

रविवारी फोनवर आई दमलेली वाटली, असं तू तिला म्हणालास म्हणे. सर्दी आहे तिला. मीनाची थंडी तुला माहीत आहे. समुद्र भिंतीतून आत येतो. ती तुला म्हणाली, "मला माती तूच दे रे, राजा." तू हसलास, ते मला स्वयंपाकघरातूनही कळलं, कारण तीही हसली. आपल्या आया भाजी निवडताना, नाक पुसताना, शाळेत पाठवताना हेच म्हणतात. लाडच तो. आपण कुठे मनावर घेतो.

तू मला फोनवर "आईला दे" याच्यापलीकडे काही म्हणत नाहीस, त्याचं मला काही वाटत नाही, असं लिहिणार होते. पण वाटतं. तू देश सोडून चाललास हे मला तू विमानतळावर निघून गेल्यावर मादाम ओदेतकडून कळलं होतं. त्यानंतर मी फोनवर जे बोलले ते बोलले, त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. एवढं मात्र खरं, की तुझ्या त्या दोन ओळी मी खिशात घालून फिरतेय.

दुसरं काही सुचत असेल तर लिही.

इब्तिसाम


मीना, ११ फेब्रुवारी

मुंझिर,

तुझे प्रश्न एकेक करून संपवते.

पाणी बोर्डावर ठिबकतं का? नाही. ठोकळ्याभोवतीचा फोम सोडून पाहिला. ओल शिरू नये म्हणून सॉकेटमध्ये भरलेलं व्हॅसलीन जसंच्या तसं आहे, बोर्ड कोरडा ठणठणीत.

गॅस कमी भरलाय का? तुला वाटतं मी तुझ्यासारखी रिकाम्या प्रोसेसरवर गॅस भरून, आकडा बघून टाळ्या पिटते. आठवतं ना, उणे पंचावन्न म्हणून फोटो टाकलास, आणि हिशेब सुरू करताच ठोकळा कोमट झाला? मी गॅस पुऱ्या भारावर भरलाय. समोर बसून दुपारभर पाहिलं, काटा हलला नाही.

समोर बसलं की बिघडत नाही, पाठ फिरवली की बिघडतं. असा एक माणूस माझ्या माहितीत आहे.

पण काल सुट्टी होती आणि मी मुद्दाम घरात राहून दुसरी कामं केली. तेव्हा एक गोष्ट सापडली. सरकारची वीज आली, रस्त्यावर नेहमीसारखा पोरांचा गलका झाला, आणि त्याच क्षणी कॉम्प्रेसर कण्हला. ऊंऽऽ करून थांबला, मग खट्. थोड्या वेळाने पुन्हा ऊंऽऽ, पुन्हा खट्. तोवर इकडे हिशेब जोरात चालूच. ठोकळा तापत गेला आणि संगणक गोठला. मग केव्हातरी कॉम्प्रेसरने दम घेतला आणि काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाला. वीज जाते तेव्हा हे होत नाही, हं. गल्लीला वीज विकणारा अबू रियाद आपल्या जनरेटरला दोऱ्या ओढत, शिव्या घालत सुरू करेपर्यंत चांगला वेळ जातो, आणि त्यानंतर कॉम्प्रेसर गुमान चालतो. जनरेटरवरून सरकारी विजेवर येतानाच त्याच्या अंगात येतं. अख्खं मीना ज्या विजेची वाट बघतं ती आली की हा मरतो.

तू विचारलंस, "वीज तर आधीही जायची-यायची. तीन वर्षं काही झालं नाही. ऑक्टोबरात घरात काय बदललं?"

काही नाही. पडदे बदलले.

यंत्र बंद असलं की आई झोपत नाही, हे तुला सांगायचं राहिलं. तू होतास तेव्हा म्हणायची की या भुंग्यामुळे माझं डोकं फुटतं. आता म्हणते, त्याच्या खोलीतून आवाज येऊ दे.

इब्तिसाम


मीना, १७ फेब्रुवारी

मुंझिर,

सापडलं. कॉम्प्रेसरला सुरू होताना धक्का देणारा कपॅसिटर म्हातारा झाला होता. नवा बसवला. आता सगळं उत्तम आहे. निकाल चार-आठ दिवसांत तक्त्यात टाकते. तू तिकडे आपल्या राहण्याच्या अर्जाच्या कागदांकडे लक्ष दे. निर्णय होईपर्यंत देश सोडायचा नाही म्हणतात ना? मग शांत बस, आणि इकडची काळजी करू नकोस.

आई छान आहे.

इब्तिसाम


मीना, २१ फेब्रुवारी

मुंझिर,

लहानपणी तुला लपाछपीत हरवणं किती सोपं होतं. आता एका ओळीत मला धरलंस.

"कपॅसिटर वेळ बघून बिघडत नाही. स्विच कोण टाकतं?"

ती ओळ वाचून मी प्रयोगशाळेत बसून राहिले. मुलांचं मिठाचं द्रावण उतू गेलं तरी कळलं नाही.

कपॅसिटर मी बसवला होता, ते खोटं नाही. उत्तम झालं, ते खोटं होतं. खरं कारण त्याच्या आदल्या दिवशीच सापडलं होतं. कॉम्प्रेसरचा प्लग काढला आणि लगेच परत खुपसला. ऊंऽऽ, खट्. पुन्हा प्लग काढला, या वेळी स्वयंपाकघरात जाऊन कॉफी उकळली, प्यायले, आणि मग खुपसला. एका झटक्यात सुरू.

तुला पुढचं सांगायला नको, पण सांगते, कारण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. कॉम्प्रेसर थांबला की एका बाजूला गॅसचा दाब चढलेला असतो, दुसरीकडे उतरलेला. कॅपिलरी एवढी बारीक, की दोन्हीकडचा दाब सारखा व्हायला वेळ लागतो. त्याआधी वीज दिली तर चढलेल्या दाबावर त्याला उठताच येत नाही. पूर्वी सरकारी वीज आली की अबू रियाद जनरेटर बंद करायचा, घरात अंधार व्हायचा. तू लिहिलेल्या प्रोग्रामप्रमाणे संगणक यूपीएसवर हिशेब थांबवून निपचित पडायचा, ठोकळा साठवलेल्या गारव्यावर तग धरायचा. आणि मग कोणीतरी सावकाश उठायचं. हातातली कॉफी संपवून. चपला शोधून. भिंत धरत. आपण दोघं आतून ओरडायचो, "आई, स्विच!" आणि ती म्हणायची, "आलेल्या विजेचा पहिला घोट पिऊ नये. बसू दे तिला जरा." आपण हसायचो. मग घर सरकारी विजेवर फिरवणारा चेंजओव्हरचा दांडा खाली, कॉम्प्रेसर सुरू, हिशेब पुढे चालू.

तू त्या यंत्राची एकूण एक नळी मोजून कापली होतीस. पण ते चालत होतं आईच्या संथपणावर. हे तुझ्या आकडेमोडीत नव्हतं, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही.

ऑक्टोबरात मी अबू रियादच्या माणसाकडून स्वयंचलित स्विच बसवून घेतला. सरकारी वीज आली की तो जनरेटर बंद व्हायचीसुद्धा वाट बघत नाही, पापणी लवायच्या आत घर फिरवतो. संगणकाला वाटतं वीज आलीच, तो पळायला लागतो. कॉम्प्रेसर मात्र उठू शकत नाही.

आता तू विचारशील, स्वयंचलित कशाला बसवला.

मुंझिर, मला बाबांच्या कबरीची शपथ घातली आहे. आईबद्दल तुला एक अक्षर लिहायचं नाही. शपथ घालताना तिने माझं मनगट असं धरलं होतं की वळ उठले. डाव्या हाताने धरलं होतं. म्हणून मी आईबद्दल लिहीत नाहीये. मी फक्त स्विचबद्दल लिहितेय. बाबा समजून घेतील.

स्विच दाराजवळच्या भिंतीवर आहे. जी तो टाकायची ती ऑक्टोबरच्या एका सकाळी स्वयंपाकघरात पडली. तिची उजवी बाजू गेली. तोंड थोडं वाकडं झालं होतं, ते आता सरळ आहे, आणि फोनवर बोलण्याआधी ती माझ्यासमोर तुझं नाव घोकून बघते, नीट येईपर्यंत. रविवारी दमलेली वाटते ती त्यामुळे. वीज गेली की ती पलंगावर अंधारात पडून असायची आणि मी शाळेत. म्हणून स्विच बदलला. घरात एवढंच बदललं. पडदे जुनेच आहेत.

मी ताकाला जाऊन भांडं लपवत होते. तुला यंत्राचं विचारायचं आणि यंत्राला काय झालं ते मात्र सांगायचं नाही.

तिला कळतं की तू निघालास तर तुझा अर्ज बाद होईल. ती म्हणते, "त्याचं आयुष्य तिकडे लागू दे, मी कुठे पळून जाते." डॉक्टर म्हणतात दुसरा झटका येईल किंवा येणार नाही, त्यांना काही सांगता येत नाही. मी तुला ये म्हणत नाही. येऊ नकोस असंही म्हणत नाही. चार महिने मी एकटीने ठरवत होते की तुला काय कळावं आणि काय नाही, आणि मला ते आता पेलत नाही. मला तुझी फार आठवण येते, गाढवा.

इब्तिसाम


मीना, १ मार्च

मुंझिर,

मधल्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं की बाजारात कॉम्प्रेसर उशिरा सुरू करणारा टायमर मिळतो का बघते. त्यावर तुझं उत्तर चार दिवसांपूर्वी आलं: "टायमर घेऊ नकोस. मी घेऊन येतो. पुढच्या शुक्रवारी."

कागदांबद्दल एक शब्द नाही. मी तीनदा वाचलं, कुठे दोन ओळींच्या मध्ये काही सापडतं का म्हणून, पण ओळ एकच आहे. तू काय सोडून येतोयस ते मला माहीत आहे. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली. दोन्ही लिहून ठेवते.

आईला सांगावंच लागलं. पहिल्यांदा ती चिडली. म्हणाली, "बापाच्या कबरीची शपथ मोडलीस?"

मी म्हटलं, "मी स्विचबद्दल लिहिलं."

"स्विचबद्दल?"

"त्याने विचारलं स्विच कोण टाकतं. मी सांगितलं कोण टाकायचं."

मला वाटलं आता ती रडेल किंवा मला शिव्या देईल. तुझ्या अर्जाबद्दल दोन वाक्यं बोलली, ती तुला सांगणार नाही. मग म्हणाली, "माझे केस पांढरे झालेत. शुक्रवारच्या आत रंगवून दे." त्यानंतर मला बाजारात पाठवलं. तुला मुलुखियाची पालेभाजी आवडते आणि या दिवसांत ताजी मिळत नाही, म्हणून वाळवलेली आण, पण गेल्या वर्षीची नको, इथपर्यंत सूचना झाल्या.

स्वयंचलित स्विच मी काढून टाकला. सध्या दांडा माझ्या हातात आहे. दुपारी शेजारची कोणीतरी आईजवळ बसते. हिशेब मी रविवारी घरी राहून पुरा केला. अबू रियादने जनरेटर बंद केला, अंधार झाला, आणि मी स्विचकडे धावले. आई पलंगावरून म्हणाली, "कॉफी संपव आधी." मी परत येऊन तिच्याजवळ बसले. दोघी कॉफी प्यायलो. तिचा कप मी धरला. मग जाऊन दांडा टाकला, आणि कॉम्प्रेसर पहिल्याच दमात उठला. आपण पाचवे आहोत. तिला मी तिसरे सांगितलंय. तेवढं सांभाळून घे.

आता नीट वाच, कारण मी हे यंत्रापेक्षा गंभीरपणे लिहितेय.

तिने चालायची चौकट मागवली आहे. तीन दिवसांपासून पलंग ते दार असा सराव चाललाय. मला हात लावू देत नाही. आज मधल्या खुर्चीपर्यंत आली, तिथे बसली, घाम पुसला, आणि परत गेली. शुक्रवारी दार तीच उघडणार आहे, असं तिने जाहीर केलंय. मी उघडलं तर माझ्याशी बोलणार नाही म्हणते, आणि मला एका घरात अबोला धरणारे दोघं परवडणार नाहीत.

तुझ्याकडे किल्ली आहे, मला माहीत आहे. ती खिशातच ठेव. वीज असली तर घंटा वाजव, नसली तर दार ठोठाव, पण एकदाच. तुला आतून चौकटीचा आवाज येईल. तो मध्येच थांबेल. बराच वेळ काही ऐकू येणार नाही. तुला वाटेल काहीतरी झालं, आत शिरावं. शिरू नकोस. ती खुर्चीवर बसलेली असेल. पुन्हा आवाज सुरू होईल. जिना थंड असेल, बॅग जड असेल, मादाम ओदेत वरून डोकावून काहीबाही विचारतील. काही झालं तरी हाक मारू नकोस आणि घाई करू नकोस.

तिला जेवढा वेळ लागेल तेवढा लागू दे. तू दारात उभा राहा.

तुझी बहीण,
इब्तिसाम